कळसूबाई चढलो हसत, जिना उतरवेना

प्रश्न : माझं वय 46, काम बैठं. गेल्या रविवारी ऑफिसमधल्या मित्रांबरोबर बारीहून कळसूबाई केलं. चढताना चांगलीच धाप लागली, तीन-चारदा बसावं लागलं, पण पायांनी त्रास दिला नाही. उतरताना तर गप्पा मारत आलो. सोमवारी मांड्या जरा जड वाटल्या. मंगळवारी सकाळी मात्र संडासात बसताना भिंत धरावी लागली आणि सोसायटीचा जिना कठडा पकडून पाठमोरा उतरलो. जिना चढताना फारसं काही होत नाही, उतरताना जीव जातो. त्यात मंगळवारी रात्री डाव्या पोटरीत गोळा आला तो वेगळाच. एक मित्र म्हणतो, लॅक्टिक ॲसिड साठलंय, चांगलं रगडून मालिश करून घे. दुसरा म्हणतो, स्नायू फाटलाय, पंधरा दिवस हलू नकोस. शाळेत शिकलो होतो की स्नायू आखडतो आणि हाड ओढलं जातं. मग आखडायचं काम तर चढताना झालं, दुखणं उतरण्याचं कसं? आणि सहा आठवड्यांनी राजगड ठरलाय. जावं की नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : राजगडला जा. मित्रांपैकी दुसरा खऱ्याच्या थोडा जवळ आहे, पण त्याचे पंधरा दिवस तुम्हाला नकोत. पहिल्याचं रगडणं तर मुळीच नको.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा. त्या दोन-तीन दिवसांत लघवी गडद तपकिरी, कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती का? मांडी टरटरून सुजली होती का, पाय उचलतच नव्हता का? यातलं काहीही झालं असेल तर पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायूंची फार मोठी नासधूस झाली की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर भार येतो. हे क्वचित होतं, पण झालं तर सलाईन लावून दवाखान्यात ठेवावं लागतं. तुमच्या पत्रात तशी काही खूण नाही. उतरण्याने येणारं साधं स्नायूदुखणं आहे ते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि पाच ते सात दिवसांत जातं.

आता तुमचा शाळेतला प्रश्न. तो फार नेमका आहे आणि सगळं उत्तर त्याच्यातच आहे. पुस्तकातलं वाक्य अर्धंच आहे. स्नायू जोर लावतो तेव्हा तो आखूड होतोच असं नाही. जोर लावत असताना तो आहे तेवढाच राहू शकतो, आणि जोर लावत असतानाच लांबही होऊ शकतो. उतरताना तुमच्या मांड्या काही तास हे तिसऱ्या प्रकारचं काम करत होत्या.

हे समजायला स्नायूच्या आत जावं लागेल. मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स हा चार स्नायूंचा गट असतो. तो गुडघ्याच्या वाटीवरून जाऊन खाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. त्यातला एकेक तंतू साधारण केसाच्या जाडीचा आणि सुमारे 10 सेंटीमीटर लांब. त्याच्या आत शेकडो तंतुकं, आणि प्रत्येक तंतुकात सार्कोमिअर नावाचे चाळीसेक हजार कप्पे एकापुढे एक लावलेले. एका कप्प्याची लांबी दोन ते अडीच मायक्रोमीटर. कप्प्याच्या मधोमध मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे असतात आणि दोन्ही टोकांकडून ॲक्टिनचे बारीक धागे त्यांच्यामध्ये घुसलेले असतात. गंमत अशी की स्नायू आखूड होतो तेव्हा यातला एकही धागा आखूड होत नाही. ते एकमेकांवरून सरकतात. प्रत्येक कप्पा एक दशांश मायक्रोमीटरने मिटला तरी चाळीस हजार कप्प्यांचे मिळून चार मिलिमीटर होतात. ही सरकण्याची गोष्ट 1954 मध्ये दोन जोड्यांनी 'नेचर'च्या एकाच अंकात मांडली : ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन, अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ नीडरगेर्के. दोन्ही हक्स्लींचं आपसात नातं काही नव्हतं.

सरकवतं कोण? मायोसिनच्या एका धाग्यावर सुमारे 600 डोकी असतात. पाठीच्या कण्यातून आलेली नस तंतूवर ॲसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन सोडते, तंतूवरून विजेची लाट जाते आणि आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडतं. त्याचं प्रमाण काही मिलिसेकंदांत शंभरपटीच्या घरात वाढतं. कॅल्शियम आलं की ॲक्टिनवरचं झाकण बाजूला होतं, मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडतात, मान वाकवून पाच ते दहा नॅनोमीटर ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण दोरी हातावर हात टाकून खेचतो, एक हात सुटतो तेव्हा दुसऱ्याने धरलेलंच असतं, तसं.

इथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. एटीपी हे इंधन पकड सोडवण्यासाठी लागतं. एटीपीचा रेणू येऊन चिकटला की डोकं ॲक्टिनला सोडतं, तो फोडून पुन्हा ताणून तयार होतं. माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठरतं ते एटीपी संपल्यामुळे पकड सुटत नाही म्हणून. स्नायू सैल पडायलाही इंधन खर्च होतं, कारण बाहेर आलेलं कॅल्शियम परत साठ्यात पंपाने भरावं लागतं.

चढताना हे सगळं पुस्तकाप्रमाणे चालतं. पाय वरच्या दगडावर, गुडघा वाकलेला, क्वाड्रिसेप्स आखूड होतो, गुडघा सरळ होतो, तुम्ही वर. प्रत्येक डोकं चक्र पुरं करतं, दरवेळी एटीपी खर्च होतं. साठवलेलं एटीपी जोरकस कामात दोन-तीन सेकंदांचं, क्रिएटिन फॉस्फेट हा जोडीचा राखीव साठा धरला तरी दहाएक सेकंदांचं. पुढचं सगळं साखर आणि चरबी जाळून मिळवावं लागतं. म्हणून धाप.

उतरताना काय होतं ते आत्ताच करून बघा. मांडीवर तळहात ठेवा आणि खुर्चीत अगदी हळू बसा. गुडघा वाकतोय, म्हणजे क्वाड्रिसेप्स लांबतोय. तरी हाताखाली तो दगडासारखा कडक लागेल. त्याने जोर सोडला तर तुम्ही खुर्चीत धपकन पडाल. कळसूबाईच्या प्रत्येक पायरीवर, लोखंडी शिडीच्या प्रत्येक दांड्यावर, मागे राहिलेल्या पायाच्या मांडीने तुमचं सगळं वजन असं धरून धरून खाली सोडलं. पोहरा खाली सोडताना दोरी मुठीतून घासत जाते, तेव्हा ओढताना न सोललेला तळवा सोलतो.

लांबताना स्नायू दुबळा असतो असं मात्र समजू नका. ओढल्या जाणाऱ्या स्नायूचा जोर जागच्या जागी ताणलेल्या स्नायूच्या दीडपटीच्या आसपास जाऊ शकतो, आणि इंधन लागतं खूप कमी, कारण डोकी चक्र पुरं होण्याआधीच बाहेरच्या ओढीने उपटली जातात आणि एटीपी न खर्चता पुन्हा पकडतात. 1952 मध्ये लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणारं पायडल अडवून धरायचं. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, पण अडवणाऱ्याचा प्राणवायूचा खर्च कितीतरी कमी. अंगापिंडाने लहान माणूससुद्धा भरभक्कम माणसाला त्या सायकलवर सहज दमवू शके. तुम्ही गप्पा मारत उतरलात त्याचं कारण हेच. फुप्फुसांनी तक्रार केली नाही म्हणून पाय आरामात आहेत असा तुमचा समज झाला.

कमी इंधनाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. जोर तेवढाच लागणार, पण त्यासाठी कमी तंतू कामाला लागतात, म्हणून एकेका तंतूवर ओढ जास्त. त्यात चाळीस हजार कप्पे काही सारखे मजबूत नसतात. जे कच्चे ते आधी ताणले जातात, इतके की ॲक्टिन-मायोसिनची गाठभेट जेमतेम उरते. काही पुन्हा जागेवर बसत नाहीत. कप्प्यांच्या भिंती वेड्यावाकड्या होतात, टायटिन नावाच्या स्प्रिंगसारख्या प्रथिनावर ताण येतो, तंतूच्या आवरणाला बारीक छिद्रं पडून कॅल्शियम नको तिथे झिरपतं. मग दुरुस्तीसाठी पांढऱ्या पेशी येतात, थोडी सूज येते, तिथल्या वेदनेच्या नसा हळव्या होतात. या साऱ्याला वेळ लागतो, म्हणून सोमवारी नुसतं जड आणि मंगळवारी कळा. दुसरा मित्र 'फाटलाय' म्हणतो ते या सूक्ष्म अर्थाने ठीक. पण खरा फाटलेला स्नायू त्याच क्षणी कळतो : चालताचालता एका जागी चटकन सणक, एकाच पायात, आणि नंतर काळानिळा डाग. तुमचं दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं आहे.

लॅक्टिक ॲसिडची समजूत मात्र कमालीची चिवट आहे. 1922 चं नोबेल ज्या ओटो मायरहॉफना आर्चिबाल्ड हिल यांच्यासोबत मिळालं, त्यांचं काम स्नायूतला प्राणवायू आणि लॅक्टिक ॲसिड यांच्या नात्यावरचंच. थकणं आणि लॅक्टिक ॲसिड ही जोडी तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसली. पण हिशेब करून बघा. लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) जास्त बनतं ते चढताना, धाप लागलेली असताना. तेही तासाभरात, फार तर थोड्या जास्त वेळात, पूर्वपदाला येतं. हृदय, यकृत आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. तुम्ही पायथ्याला चहा पीत होतात तेव्हाच ते गेलेलं होतं. 1983 मध्ये अमेरिकेत काही जणांना सपाट आणि उताराच्या पट्ट्यावर पळवून पाहिलं. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पाय नंतर फारसे दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलंच नाही आणि पुढचे दोन दिवस पाय ठणकले. मालिश करून 'ॲसिड मोकळं' करायला तिथे ॲसिड नसतंच.

हलक्या हाताने तेल लावलं तर बरं वाटतं, तेवढं जरूर करा. अंगठे रुतवून रगडणं, मांडीवर पाय देऊन तुडवून घेणं पहिले तीन दिवस टाळा. तिथे आधीच दुरुस्ती चालू आहे. कोमट पाण्याची आंघोळ चालेल. पडून राहण्यापेक्षा सपाट रस्त्यावर रोज वीस ते तीस मिनिटं चाला. दुखणं तेवढ्यापुरतं खरोखर कमी होतं. कळ येईपर्यंत स्ट्रेचिंग करण्यात काही फायदा नाही, ट्रेकआधी आणि नंतर केलेल्या स्ट्रेचिंगनेही हे दुखणं नगण्य कमी होतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या ट्रेकच्या दिवशी, शरीरात पाणी कमी असताना घेऊ नका, मूत्रपिंडांना ते जड जातं. अगदीच झोप लागत नसेल तर पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मर्यादेत. जेवणात दोन्ही वेळा डाळ-उसळ, दही, अंडी यांपैकी काहीतरी भरपूर असू द्या. हळदीचं दूध प्यायची सवय असेल तर प्या, पण आठवडा त्याच्यामुळे चार दिवसांचा होणार नाही. आणि एक ध्यानात ठेवा : दुखणं थांबल्यावरही मांडीचा जोर पूर्ण परत यायला आणखी काही दिवस जातात. त्या आठवड्यात स्कूटर उभी करताना, ओझं घेऊन उतरताना जपा.

पोटरीच्या गोळ्याचं यंत्र निराळं आहे. तिथे स्नायूपेक्षा नस जास्त दोषी. मेंदूने न सांगता नस सटासट संदेश पाठवत राहते, कॅल्शियम परत साठ्यात जायला सवडच मिळत नाही आणि पोटरी घट्ट गाठीसारखी होते. पांघरुणाखाली पाऊल पुढे ढकललेलं असतं, म्हणजे पोटरी आधीच आखूड, आणि आखूड स्नायूला गोळा लवकर येतो. दिवसभर थकलेल्या पायात तर हमखास. पाणी आणि मीठ कमी पडल्याने असं होतं हे सगळे सांगतात. पण रक्तातलं मीठ सगळ्या शरीराला सारखं, मग गोळा एकाच पोटरीत का, याचं उत्तर त्यात नाही. घाम खूप गेला असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यावंच, मात्र तोच सगळा इलाज समजू नये. मॅग्नेशियमच्या औषधी गोळ्यांचा रात्री पोटरीत येणाऱ्या गोळ्यांवर ठळक उपयोग दिसलेला नाही.

गोळा आला की पोटरी चोळत बसू नका. गुडघा सरळ करा, पायाची बोटं धरून पाऊल नडगीच्या दिशेने ओढा आणि गोळा सुटेपर्यंत, अर्धा ते एक मिनिट, धरून ठेवा. हात पोचत नसेल तर टॉवेल तळव्याखालून घालून ओढा, किंवा उठून भिंतीला हात टेकवा आणि दुखरा पाय मागे, टाच जमिनीला घट्ट लावून उभे राहा. ताण पडला की स्नायूबंधातले ताणमापक त्या नसेला गप्प करतात, म्हणून हे लागू पडतं. गुडघा वाकवून पाऊल ओढाल तर वरची मोठी पोटरी ताणलीच जात नाही. बहुतेकांची चूक इथे होते. रात्री पांघरूण पायथ्याशी खोचू नका. झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीची मागची बाजू रोज तीन-तीन वेळा, दहा दहा सेकंद ताणा. नेदरलँड्समध्ये 2012 च्या एका चाचणीत पंचावन्न वर्षांपुढच्या लोकांचे रात्रीचे गोळे एवढ्याने कमी झाले होते.

राजगडासाठी सहा आठवडे पुष्कळ आहेत. उतरण्याने दुखावलेला स्नायू बरा होताना पुढच्या वेळेसाठी तयार होतो. तोच उतार पुन्हा केला तर नुकसान आणि दुखणं दोन्ही लक्षणीय कमी होतं, आणि ही तयारी काही आठवडे टिकते. म्हणजे कळसूबाईने तुमचं निम्मं काम करून ठेवलंय. ते वाया जाऊ देऊ नका, हीच पंधरा दिवसांच्या आरामाला आमची हरकत आहे.

दुखणं पूर्ण गेलं की आठवड्यातून दोनदा, मधे दोन दिवस सोडून, एवढं करा. खुर्चीसमोर उभे राहून मनात चार मोजत हळू बसा, उठताना हातांचा आधार घेतला तरी चालेल. आपल्याला बसण्याची तालीम हवी आहे, उठण्याची नव्हे. पहिल्या दिवशी फक्त 8 वेळा. कमी वाटेल, पण संरक्षण मिळायला थोडाच डोस पुरतो, आणि हौसेने पन्नास बैठका मारल्यात तर पुन्हा पाठमोरा जिना. पुढच्या वेळी 8 चे दोन फेरे, तिसऱ्या आठवड्यापासून 10 चे तीन. मग पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहा, दोन्ही टाचा वर उचला आणि चार मोजत पायरीखाली सोडा. हेही 8 पासून सुरू. तिसऱ्या आठवड्यापासून रविवारी पर्वती. तिच्या 103 पायऱ्या चढायच्या कशाही, उतरायच्या मात्र सावकाश, धप्प न आपटता, आधी दोन फेऱ्या आणि दर आठवड्याला एक-दोन वाढवत. पाचव्या आठवड्यात एकदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड उतरून बघा. शेवटचे पाच-सहा दिवस सपाटीवर चालण्याखेरीज काही नाही. जिममध्ये नुसती सायकल चालवून उताराची तयारी होत नाही, कारण सायकलवर मांडी जवळजवळ फक्त आखूड होण्याचंच काम करते.

राजगडावर उतरताना पावलं लहान टाका. पायरी उंच असेल तर तिरकं उतरा. पाऊल टेकताना गुडघा किंचित वाकलेला असू द्या, ताठ पायाने आपटलात तर मांडीऐवजी सांधा मार खातो. ट्रेकिंग काठ्या असतील तर उतरताना त्यांची उंची पाच-सात सेंटीमीटर वाढवा आणि काठ्या आधी खाली टेकवा, मग पाय. पाठीवर जास्तीचं ओझं नको. वाट निवडायची असेल तर गुंजवण्याकडच्या चोरदरवाज्याच्या खड्या घसरणीपेक्षा पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी उतरणं तुमच्या मांड्यांना सोपं. आणि शेवटचा तास पळत उतरण्याची पैज कोणी लावली तर हरून मोकळे व्हा. दमलेल्या स्नायूवर सगळ्यात जास्त नुकसान त्याच तासात होतं.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्या गोळीने काहींचे स्नायू असेही दुखतात. ऑफिसचं हेल्थ चेकअप ट्रेकनंतरच्या आठवड्यात आलं तर ते दहाएक दिवस पुढे ढकला. दुखावलेल्या स्नायूतून सीपीके हे स्नायूतलं विकर तर रक्तात येतंच, शिवाय ज्यांना आपण यकृताचे आकडे म्हणतो ते एसजीओटी आणि एसजीपीटीही वाढलेले दिसतात, आणि मग निष्कारण पोटाची सोनोग्राफी मागे लागते. पुढे ढकलता येत नसेल तर रक्त देतानाच सांगा की चार दिवसांपूर्वी गड उतरून आलोय.